माकुडीच्या फुलातली फट

शिंदळ माकुडी जगवणं अवघड असतं, असं कुणी म्हटलं की साताऱ्यातल्या एका गच्चीवर ती वाढवणाऱ्या काकांना हसू येतं. मुरूम आणि विटांचा चुरा, पानं गळली की पाणी तोडायचं, झड लागली की कुंडी आडोशाला सरकवायची. बाकी काय? तुटलेली कांडी सावलीत सुकवून टेकवली तरी मूळ धरते. जागतिक निसर्ग संरक्षण संघाने एकेकाळी जगातल्या अतिधोक्यातल्या बारा झाडांत जिची गणना केली, ती कुंडीत एवढी चिवट!

म्हणून तर त्यांचा राग आहे तो कांड्या मोजणाऱ्यांवर. शहरातल्या एका संग्राहकाकडे माकुडीच्या ढिगाने कुंड्या आहेत आणि तो त्या संख्येनिशी सांगतो. काकांच्या मते ते सगळं मिळून एकच झाड आहे, फक्त जागा जास्त अडवतं. रानात मात्र शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा ठिकाणी कड्याच्या भेगांत ती तुटकतुटक उरली आहे. तिथली रोपं बियांची असतात, एकासारखं दुसरं नसतं. कांडीने झाड वाढतं, वंश नाही. (हे ते जरा जास्तच वेळा सांगतात.)

त्यांना हवी असते शेंग. रुईच्या कुळातल्या झाडाची असते तशी, शिंगांसारखी जोडशेंग. आत म्हातारीसारखं उडणारं बी. आणि इथेच सगळं अडतं.

या फुलात पराग भुकटीसारखे सुटे नसतात. दोन पिवळसर गोळ्या एका काळपट चिमट्याला जोडलेल्या असतात, आणि फुलाच्या मधोमध अशा पाच जोड्या लपलेल्या असतात. रानात मधासाठी घुसलेल्या माशीच्या तोंडाला तो चिमटा अडकतो; पुढच्या फुलात गोळी एका अरुंद फटीत शिरून तुटते. माशीला हे न कळता जमतं. माणसाला भिंगाखाली बारीक सुई धरून चिमटा उचलावा लागतो आणि गोळीची पारदर्शक कड बरोबर आत जाईल अशी ती फटीत सरकवावी लागते. कड उलटी गेली तर परागनळ्या नीट रुजत नाहीत. जोर लागला तर गोळी चिरडते. फूल जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं, फट तर डोळ्याला दिसतच नाही. परागण एकाच रोपाच्या कांड्यांत केलं तर त्यांच्याकडे शेंग टिकलेली नाही. म्हणून जुन्नरकडच्या वाणाचा पराग साताऱ्याकडच्या फुलात. हा संकर करावा का, यावर दोन जाणकारांशी त्यांचं बोलणंच तुटलंय. एक म्हणतो, दोन डोंगरांचं रक्त मिसळू नये. काका म्हणतात, आधी शेंग तर धरू दे, मग सोवळं पाळू.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. सुई फटीपर्यंत नीट जाते आणि ऐन क्षणी बाजूला सरकते. कोपर टेबलाला टेकवून झालं, श्वास रोखून झाला, सकाळी चहा न घेता बसून झालं.

शेजारची मुलगी वनस्पतिशास्त्र शिकते. ‘काका, मी बघू?’ म्हणाली. त्यांनी सुई दिली, भिंग मात्र स्वतःच्या हातात ठेवलं. तिने गोळी अलगद बसवली आणि विचारलं, ‘एवढंच?’ त्या शब्दाचा त्यांना अजून राग आहे.

शेंग धरली. पाहुण्यांना दाखवताना काका ‘आम्ही केलं’ म्हणतात. मुलगी समोर नसेल तेव्हा ‘मी’. हे ते स्वतःच हसत कबूल करतात, सुधारायचं मात्र मनावर घेत नाहीत. गव्हर्नर बार्टल फ्रियरने यातलं एकही फूल हाताळलं नसेल, तरी वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने १८६०च्या दशकात झाडाला त्याचं नाव दिलं. पुढे माकुडी बुसेरोशिया प्रजातीत गेली तरी फ्रियर तिला चिकटूनच राहिला. मग आपण एका शेंगेवर हक्क सांगितला तर काय बिघडलं, असा त्यांचा युक्तिवाद.

सध्या वाद चिठ्ठीचा आहे. मुलीला कुंडीवर दोन्ही वाणांची नावं, तारीख आणि परागण कुणी केलं ते लिहायचंय. नावं आणि तारीख काकांनी मान्य केली आहे.