‘सहन कर’ म्हणण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात बसलो असता एक विवाहिता दाराशी आली. बराच वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत ती उभी राहिली. मग एवढेच म्हणाली, “फादर, घरी शांती नाही.” आम्ही घाईत होतो. “बाळ, संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच. जरा सहन कर, प्रार्थना कर,” असे सांगून आम्ही तिची बोळवण केली. पुढल्या महिन्यात ती मिस्सेला आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. तिने आमच्याकडे पाहिले नाही; आम्हालाही तिच्याकडे पाहवले नाही.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. ऐकून घेणे मात्र शिकायचे राहून गेले होते. उतारवयाकडे झुकताना पुन्हा विद्यार्थी होऊन आम्ही कुटुंबोपचारावरील ग्रंथ उघडले. साल्व्हादोर मिनुचिन यांनी 1974 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की एका माणसाचे दुखणे पुष्कळदा साऱ्या घराच्या घडणीतून आलेले असते. अमेरिकेतील जॉन गॉटमन यांनी असंख्य जोडप्यांची संभाषणे न्याहाळून संसार पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या: दोषारोप, तुच्छता, सदैव बचावाचा पवित्रा आणि अबोला. त्यांतही तुच्छता सर्वांत विषारी. 1980 च्या दशकात कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी भावनाकेंद्री उपचारपद्धती विकसित केली. रागाच्या तळाशी बहुधा आपले माणूस दुरावण्याची भीती दडलेली असते, हे तिचे मर्म होय.

या मंडळींचे मार्ग निराळे. तरी कुशल समुपदेशक न्यायाधीशाच्या आसनावर बसत नाही, हे सर्वांकडूनच शिकावे. आम्ही मात्र निम्मीअधिक हकीकत ऐकण्यापूर्वीच निवाडा देत होतो.

दुसरा धडा अधिक कठोर होता. जेथे मारहाण आणि धाक आहे, तेथे पतिपत्नींना एकत्र बसवून समेट घडवू पाहणे धोक्याचे ठरते. पतीसमोर ती खरे कशी बोलेल? आणि बोललीच, तर घरी परतल्यावर तिचे काय होईल? म्हणून जाणते समुपदेशक आधी प्रत्येकाची स्वतंत्र भेट घेतात. येथे सुरक्षितता प्रथम, सलोखा नंतर. आपल्या देशात 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पीडितेसाठी संरक्षण अधिकारी नेमण्याची तरतूद केली आहे. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मसंहितेतील 1153 वे कलमही जोडीदारापासून गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा देते. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये तर असे वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे स्पष्ट म्हटले. ते कलम आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या सकाळी ते आठवले नाही.

आता कुणी भगिनी कार्यालयात आली, तर आम्ही हातातले काम बाजूला ठेवतो. उपदेशाआधी एकच प्रश्न विचारतो, “बाळ, घरी जाण्याची तुला भीती वाटते का?” उत्तर येईपर्यंत गप्प राहतो आणि पुढचे काम प्रशिक्षित समुपदेशकाकडे सोपवतो. विवाहाचे बंधन पवित्र आहे, ही आमची श्रद्धा आजही अढळ आहे. परंतु त्या बंधनात राहणारा माणूसही तितकाच पवित्र आहे, हे आम्हाला प्लास्टरमधल्या एका हाताने शिकवले.