फणसाडचे जंगल, मुरूडचा समुद्र

मुरूड म्हटले की जंजिरा, हे इतके ठरून गेले आहे की बहुतेक कुटुंबे सकाळी येतात, होडीत बसतात, किल्ला पाहतात, संध्याकाळी वाळूत भेळ खातात आणि परततात. मुरूडच्या पाठीशी असलेल्या डोंगरात केवढे जंगल आहे, हे त्यांना परत जातानाही कळत नाही. आम्हालाही कळले नसते. या जंगलाचे नाव फणसाड. जंजिरा संस्थान होते तेव्हा हे नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. समुद्राच्या इतक्या जवळ इतकी दाट झाडी कोकणातही आता फार ठिकाणी उरलेली नाही.

आमच्या घरी या सहलीचे कारण जरा वेगळे होते. मोठी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेने दोन रात्रींचे निसर्ग शिबिर ठरवले आणि पालकांच्या सहीसाठी फॉर्म दिला. मुलांच्या अब्बूंनी सही केली नाही. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त "रात्री बाहेर नको" एवढेच म्हणाले. मुलगीही काही बोलली नाही आणि तेच मला जड गेले. मी स्वतः शिक्षिका आहे, वर्गातल्या मुलींचे असे कोरे फॉर्म दरवर्षी गोळा करते. बापाची काळजी मला कळते, आणि फॉर्म परत देताना खाली गेलेली मुलीची मानही मी रोज पाहते. आठवडाभर घरात अबोला नव्हता, पण गप्पाही नव्हत्या. मग एका रात्री जेवताना अब्बूच म्हणाले, "आपण सगळेच जाऊ. तंबूतच राहू. अम्मीलाही नेऊ."

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. "मला जंगलात काय दाखवणार?" असे म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांची पिशवी सर्वांत आधी भरलेली होती.

डिसेंबरच्या एका शुक्रवारी जुमाची नमाज झाल्यावर आम्ही कोंढव्यातून निघालो. मुळशी, ताम्हिणी घाट, कोलाड, रोहा असा रस्ता. ताम्हिणी उतरलो की हवेत दमटपणा जाणवतो आणि पुण्याची थंडी मागे राहते. सुपेगावला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. इथे अभयारण्याच्या हद्दीत राहण्यासाठी तंबू आहेत. आधी नोंदणी करून यावे लागते. आत खाट, गादी, पांघरूण. म्हणजे खऱ्या गिर्यारोहकांनी हसावे असाच आमचा तंबूवास! पण ज्या घरात आजवर कुणी छपराबाहेर झोपलेले नाही, त्या घराला कापडाची भिंतही पुरेशी पातळ वाटते.

जेवण गावातल्या बायका करून देतात. आम्ही आधीच फोन करून शाकाहारी जेवण सांगितले होते, म्हणजे कोंबडी कुणी कापली हा प्रश्नच नको. तांदळाची भाकरी, पिठले, वांग्याची भाजी, वरण-भात. धाकट्याने घरी कधी न खाल्लेले वांगे तिथे दोनदा मागून घेतले. किब्ला फोनवर पाहून ठेवला. सफरीत असल्याने कसर होती, चटया टाकून इशाची नमाज अदा केली आणि सगळे आडवे झाले.

झोप मात्र कुणालाच आली नाही. जंगल रात्री शांत असते, हे शहरातल्या माणसाचे म्हणणे. रातकिडे, वाळलेल्या पानांवरून कुणीतरी चालल्याचा आवाज, मधेच कुत्र्यासारखे पण कुत्र्याचे नव्हे असे भुंकणे. ते भेकर असते, हे दुसऱ्या दिवशी कळले. बारा वाजता पाहिले तर अब्बू तंबूबाहेर खुर्ची टाकून, शाल पांघरून बसलेले. पहारा देत होते म्हणा ना. थोड्या वेळाने मुलगी उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी आतूनच पाहत होते. दोघांचे हळू आवाजात बोलणे सुरू झाले. शब्द ऐकू येत नव्हते, मी कान देण्याचा प्रयत्नही केला नाही. एकदा तिचे हसणे ऐकू आले. मी कधी झोपले ते मला कळले नाही.

फजरला उठलो तेव्हा तंबूचे कापड दवाने ओले झाले होते. गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून आला. अम्मी मागेच थांबल्या, आम्ही चौघे निघालो. आमच्याबरोबर कॉलेजच्या मुलांचा एक गट होता. वाटाड्याने त्यांना आधी पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लावले, काटे आणि गोचिडांमुळे. आमच्याकडे पाहून म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर आहे." लांब कुर्ता, सलवार आणि डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी यांची जंगलात अशी तारीफ होईल, असे वाटले नव्हते!

फणसाडमध्ये पाणवठ्याला गाण म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण अशी नावे आहेत. उन्हाळ्यात डोंगर करपतो तेव्हा जनावरे याच ठिकाणी येतात, म्हणून सगळ्या पायवाटाही शेवटी तिथेच पोहोचतात. आम्ही चिखलगाणीच्या वाटेने गेलो. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी. अंजनीचे झाड वाटाड्याने दाखवले नसते तर ओळखले नसते. आणि गारंबी! ही वेल आहे यावर आधी विश्वासच बसत नाही. माणसाच्या मांडीएवढे तिचे खोड पीळ घेत एका झाडावरून दुसऱ्यावर जाते आणि हातभराहून लांब शेंगा लोंबतात. धाकट्याने त्या वेलीवर झोका घेतला आणि तासभर त्याला फोनची आठवण झाली नाही. अल्हमदुलिल्लाह, एवढ्यासाठीसुद्धा पेट्रोलचे पैसे वसूल झाले.

शेकरू प्रथम मुलीला दिसले. आपल्या राज्याचा हा प्राणी पुस्तकात खारीएवढा वाटतो. प्रत्यक्षात तो मांजराएवढा असतो, तांबूस तपकिरी, शेपूट अंगाहून लांब. उंच फांदीवर त्याने काटक्यांचे घरटे बांधले होते. वाटाड्याने सांगितले की एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. फणसाडमध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडेही आहेत आणि त्यांच्यासाठी मेलेली जनावरे ठेवण्याची व्यवस्था वन खात्याने केली आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभरात गिधाडे मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मी हे वर्गात शिकवते. आकाशाकडे पाहत आम्ही बराच वेळ थांबलो, पण गिधाड काही दिसले नाही.

परतताना वाट उताराची होती. मुलगी वाटाड्याच्या मागोमाग सर्वांत पुढे चालत होती. पाण्याच्या कडेला चिखलात सांबराच्या खुरांचे ठसे होते. ती खाली बसून वितीने मोजत होती, विचारत होती, हा जाताना उमटला की येताना? अब्बू दोनदा "सावकाश" म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. एका ओढ्याच्या दगडावर त्यांचाच पाय घसरला, तेव्हा तिने मागे वळून हात दिला. त्यांनी तो घेतला.

तंबूकडे आलो तर अम्मी स्वयंपाकाच्या बायकांमध्ये मांडी घालून बसलेल्या. गुडघे दुखत नव्हते वाटते. एका बाईने त्यांना गारंबीची बी दिली होती, चपटी, गुळगुळीत, मोठ्या रुपयाहून मोठी. "अशी बी माझ्या आईच्या पेटीत होती," अम्मी म्हणाल्या. "कुठून आली होती, कुणाला ठाऊक." ती बी आता त्यांच्या तसबीहच्या डबीत असते.

दुपारनंतर मुरूडला उतरलो. जेवायला सुरमई. मासे असले की कोंबडीचा तो प्रश्नही उरत नाही. संध्याकाळी वाळूवर मैलभर चाललो. इथून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी तो बांधला. धाकट्याने विचारले, "मग आपण कोणत्या किल्ल्याचे?" हा प्रश्न आपल्या मुलांना कुठेतरी ऐकू आलेला असतोच. मी त्याला एवढेच सांगितले की महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता, आणि उद्या आपण दुसराही किल्ला पाहणार आहोत.

मगरिबची नमाज किनाऱ्यावरच पढली. कोकणच्या किनाऱ्यावर किब्ला समुद्राच्या दिशेला येतो, सूर्य बुडतो त्याच्या जरासा उजवीकडे. नमाज झाल्यावर अम्मी तशाच बसून राहिल्या. त्यांचे वडील जहाजाने हजला गेले होते. त्या काळी हाजी मुंबईहून समुद्रमार्गे जात, १९९५ पर्यंत ही जहाजे चालू होती. अम्मी तेव्हा लहान होत्या. निरोप द्यायला मुंबईला त्यांना नेले नव्हते, मुलीच्या जातीला कशाला म्हणून. समुद्र कसा असतो हे त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकले होते. "ते याच पाण्यावरून गेले," असे त्या म्हणाल्या आणि चपला काढून घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. नात त्यांचा हात धरून होती. अब्बू मागे उभे राहून आईकडे आणि लेकीकडे पाहत होते.

तिसऱ्या दिवशीचे थोडक्यात सांगते, कारण जंजिऱ्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने गेलो. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. चारही बाजूंना खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचा मोठा तलाव, कलालबांगडी तोफ, दारावर पंजात हत्ती पकडलेले वाघाचे शिल्प. फारसी शिलालेखांची अक्षरे उर्दूमुळे लागतात, अर्थ मात्र अर्धाच हाती येतो. जंजिरा हा शब्दच मुळी अरबी जझीरा, म्हणजे बेट, यावरून आला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे हे राज्य १९४८ मध्ये विलीन झाले. किल्ल्यात लोकांची वस्ती होती, त्या घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. गर्दी आणि प्लास्टिकच्या बाटल्या मात्र बघवत नाहीत. त्यापेक्षा खोकरीचे घुमट पाहावेत. सिद्दी सुरूलखान, याकूतखान आणि खैरियतखान यांचे हे दगडी मकबरे. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरे कुणीही नव्हते. फातिहा पढून निघालो.

शिबिराचा फॉर्म पुढच्या वर्षी पुन्हा येईल. परतीच्या वाटेवर अब्बूंनी मुलीला विचारले, "शिबिराला बरोबर बाईंपैकी कोण येतात?" तिने दोन नावे सांगितली. ते "हं" म्हणाले आणि घाट चढू लागले.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. पायात बूट घाला, चपला नकोत. जंगलात भडक कपडे, स्पीकर आणि चूल नको. पाणी घरून न्या, बाटल्या परत आणा. वयस्कर माणसांना तंबूपाशी ठेवून गेलात तरी त्यांचा वेळ चांगला जातो, फक्त एक घडीची खुर्ची सोबत असू द्या. वजूसाठी टमरेल आठवणीने घ्या, आम्हाला ते गावातून मागावे लागले.