बरा झाला की!

आज आमच्यासारखी चार घरं सिद्धेश्वर तलावाकाठी जमली. पुणे हायवेवरच्या अपघातानंतर दादा चालू लागला, तसे सगळे म्हणाले, "बरा झाला की!" पण चहा पिऊन पाच मिनिटांत तो पुन्हा चहा मागतो, भांडं पडलं तरी भडकतो. डोक्याला जबर मार बसला की आठवण जाऊ शकते, रागावरचा ताबाही सुटू शकतो, हे घरी सोडताना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

वहिनी आज पहिल्यांदाच हे बाहेर बोलली. शेजारच्या मावशी लगेच म्हणाल्या, "आमच्याकडं बी असंच हाय बघा." वहिनी मोकळी होऊन रडली. औषधाइतकंच असं बोलून मोकळं होणंही गरजेचं आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूच्या दुखापतीचं वेगळं नाव नाही, म्हणून आपणच एकमेकांना शोधायला हवं. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल, तर त्याच्या घरच्यांनाही आमच्यात घेऊन या.