चार हात जमीन आणि कॅमेरा



आपल्या मुनी-आर्यिकांच्या पाच समित्यांमध्ये पहिली ईर्या समिती. पुढची चार हात जमीन नजरेने तपासायची, उजेड असेल तेव्हाच पाऊल टाकायचं, जीव पायाखाली येणार नाही याची काळजी घ्यायची. ही समिती महाव्रतींची खरी, पण आपल्या घरांत लहान मुलीलाही "खाली बघून चाल गं" असं सांगतात, ते याच शिकवणीतून आलेलं आहे. मला मात्र साठीनंतर नाद लागला तो पायी हिंडून फोटो काढायचा. फोटो काढणाऱ्याची नजर वर, लांब, इकडेतिकडे. मग या दोन्हींचा मेळ कसा बसायचा? बऱ्याच जणींनी मला हे विचारलं आहे. एकीने तर "तीर्थाला जाताना कॅमेरा कशाला, डोळे दिलेत ना देवाने" असं थेटच सुनावलं. आज त्याबद्दल लिहिते.

माझा नियम साधा आहे. चालताना बघत बसायचं नाही आणि बघताना चालायचं नाही. पाय चालू असतील तेव्हा कॅमेरा पिशवीत आणि नजर जमिनीवर. काही टिपावंसं वाटलं, तर आधी दोन्ही पाय थांबवायचे, पायाखालची जागा बघायची, मग कॅमेरा काढायचा. असं केल्याने दिवसभरात चालणं कमी होतं आणि थांबणं वाढतं. गुडघ्यांनाही ते मानवतं, हा आणखी एक फायदा!

कॅमेऱ्याबद्दलही थोडं सांगते, कारण आपल्या बायकांना हे प्रश्न पडतात. गळ्यातला पट्टा चामड्याचा असेल तर तो काढून कापडी लावून घ्यावा, तो सहज मिळतो. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मवर जिलेटिनचा थर असायचा आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-चामड्यांपासून करतात. आता डिजिटलमध्ये तो प्रश्न उरला नाही. पण रोलची एक गोष्ट चांगली होती. त्यात ३६ फोटो मिळायचे, संपले की संपले. मी कॉमर्सची, हिशेबाची सवय जुनी. दिवसाला ३६ च फोटो ही मर्यादा मी अजून पाळते. परिग्रह-परिमाण फक्त साड्या-दागिन्यांचंच असतं असं थोडंच आहे?

हे सगळं जिथे मला सर्वांत उपयोगी पडलं, ते ठिकाण म्हणजे श्रवणबेळगोळ. आपल्यापैकी बहुतेक जणी तिथे जाऊन आल्या असतील. यात्रेच्या बसने सकाळी उतरायचं, विंध्यगिरी चढायचा, भगवान बाहुबलींचं दर्शन घ्यायचं, खाली येऊन जेवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. मीही पूर्वी तशीच गेले होते. या वेळी धर्मशाळेत तीन दिवस राहिले आणि गाव, तळं, दोन्ही टेकड्या पायी पाहिल्या.

निघण्याआधी आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना भेटायला गेले होते. १९८१ साली मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला हजार वर्षं झाली, त्या महामस्तकाभिषेकाला अक्का गेल्या होत्या, तेव्हा त्या तरुण होत्या. आता जिन्याच्या चार पायऱ्याही त्यांना जड जातात. मी म्हटलं, "अक्का, तुमच्यासाठी भगवंतांचे छान फोटो आणते." त्या म्हणाल्या, "अगं, भगवंतांचा फोटो देव्हाऱ्यात आहेच की. तू मला पायऱ्या आण. पाय कुठे कुठे टेकले होते ते बघायचंय."

बघायची ही ओढ तिथली पहिली गोष्ट आहे. परंपरा सांगते, की गंग राजांचे मंत्री चावुंडराय यांच्या मातोश्री काललदेवी यांना पौदनपूरच्या बाहुबलींच्या मूर्तीचं दर्शन घ्यायचं होतं. आईची इच्छा म्हणून मुलगा तिला घेऊन निघाला. पौदनपूर काही दिसलं नाही, पण वाटेत याच ठिकाणी दृष्टांत झाला आणि समोरच्या टेकडीवर भगवंत प्रकट झाले. इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर मूर्तीचा काळ इसवी सन ९८१ च्या सुमाराचा, उंची सुमारे ५७ फूट, तीही एकाच खडकात. पण मला काललदेवींची कथाच जास्त जवळची वाटते. एका बाईला दर्शनाला जायचं होतं आणि घरच्यांनी ते मनावर घेतलं.

विंध्यगिरीच्या पायऱ्या सहाशेहून अधिक आहेत आणि त्या खडकातच कोरलेल्या आहेत. चपला खालीच सोडायच्या. अक्कांसाठी मी पायऱ्यांचे फोटो घेत गेले. कुठे उतार घासून गुळगुळीत झालेला, कुठे पायरीच्या कडेला पाणी साचून काळी रेघ पडलेली. सकाळी लवकर दगड थंड असतो, दहानंतर तोच तळव्यांना चटका देतो. म्हणून सूर्योदय झाला की निघावं. दर पन्नासएक पायऱ्यांनी थांबावं, मागे वळून खालचं कल्याणी तळं आणि पलीकडची चंद्रगिरी बघावी. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीही मिळते.

वर भगवंतांसमोर कॅमेरा काढायचं मन झालं नाही, तरी एक फोटो घेतला. चेहऱ्याचा नव्हे, पायांचा. पायांजवळ वारुळं, त्यांतून डोकावणारे साप आणि मांड्यांवरून दंडांपर्यंत चढलेली वेल. बाहेर किती काळ लोटला ते वेलीवरून कळतं, आत काय चाललं होतं ते चेहऱ्यावरून. तिथेच मूर्तीच्या पायाशी जुन्या मराठीतला लेखही आहे. चावुंडरायाने हे करविले आणि गंगराजाने सुत्तालय, म्हणजे भोवतीची ओवरी करविली, एवढाच त्याचा आशय. कानडी मुलखात, भगवंतांच्या पायाशी आपली भाषा भेटते तेव्हा काय वाटतं, ते तुम्ही तिथे उभ्या राहून अनुभवा.

मूर्तीकडे तोंड करून बाहेर एका म्हातारीची मूर्ती उभी आहे, ती गुळ्ळकायी अज्जी. कथा सर्वांना ठाऊक आहे. चावुंडरायाने हंडेच्या हंडे दूध ओतलं तरी अभिषेक पायांपर्यंत पोहोचेना. मग एक गरीब म्हातारी वांग्याच्या जातीच्या एका फळाच्या पोकळ कवटीत इवलंसं दूध घेऊन आली आणि त्याने भगवंत नखशिखांत न्हाले. गर्दी तिच्या बाजूने भराभर पुढे सरकत असते, आत जायची घाई असते ना. मी तिच्यासमोर थांबले. मंत्र्याचा मान हरवणाऱ्या म्हातारीला मंत्र्यानेच समोर उभं केलं असं मानतात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

दुसरा दिवस चंद्रगिरीचा. ही टेकडी लहान, चढ सोपा, गर्दी कमी. अंतिम श्रुतकेवली भद्रबाहू स्वामी आणि त्यांच्याबरोबर आलेला सम्राट चंद्रगुप्त मौर्य यांनी इथेच देह ठेवला अशी आपली परंपरा. भद्रबाहू गुंफेत स्वामींची चरणचिन्हं आहेत. चंद्रगुप्त बसदीत दगडी जाळ्या आहेत, त्यांवर या दोघांच्या कथेतले प्रसंग कोरले आहेत. आपण सांगली-कोल्हापूरकडे 'बस्ती' म्हणतो, तीच ही 'बसदी'.

या टेकडीवर मला ईर्या समितीचा वेगळाच अर्थ सापडला. इथे मान वर करून चालणाऱ्याला देवळं दिसतात. खाली बघून चालणाऱ्याला नावं दिसतात. श्रवणबेळगोळच्या परिसरात पाचशेहून अधिक शिलालेख आहेत आणि त्यांतले कितीतरी चंद्रगिरीच्या उघड्या खडकावरच, आपल्या पायांच्या पातळीवर आहेत. पुष्कळसे समाधिमरणाचे. अमक्या मुनींनी, अमक्या आर्यिकेने, अमक्या श्राविकेने इथे सल्लेखना घेतली, एवढीच नोंद. जुनी कानडी लिपी मला वाचता येत नाही. बरोबरच्या वाटाड्याने बोट ठेवून सांगितलं तेव्हा कळलं. चार हात जमीन बघत चालायची सवय नसती तर त्या ओळी मला खडकावरच्या खरवडी वाटल्या असत्या.

आणि बायकांची नावं काही थोडी नाहीत! कत्तले बसदी गंगराज सेनापतीने आपल्या आईसाठी, पोचब्बेसाठी बांधली. कत्तले म्हणजे अंधार. आत खरंच इतका अंधार, की कॅमेरा ठेवून दिला आणि डोळे सरावेपर्यंत णमोकार म्हणत उभी राहिले. गंगराजाची पत्नी लक्ष्मी हिने एरडुकट्टे बसदी बांधवली. होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला हिने ११२३ साली शांतिनाथांची बसदी उभारली, तिचं नाव सवतिगंधवारण. हे राणीचंच बिरुद, सवतींना मदमस्त हत्तीसारखी! देवळाला असं नाव पाहून मला हसू आलं. पण पुढचं ऐकून हसू ओसरलं. शांतला ११३१ साली शिवगंगेला वारली आणि त्यानंतर तिच्या आईने, माचिकब्बेने, बेळगोळला येऊन सल्लेखना घेतली. राजा वैष्णव झाला तरी राणी जैनच राहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. तिच्यामागे राहिलेली आई मात्र आपल्या सांगण्यात येत नाही. मुलीने बांधलेली बसदी उभी आहे त्याच गावी ती आई आली. मी तिथे किती वेळ बसून होते कोण जाणे.

नऊशे वर्षांपूर्वीच्या या बायका नावानिशी उरल्या, कारण कोणीतरी त्यांची नावं दगडात कोरली. आपल्या घरांचं काय? माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचा एकही फोटो नाही. त्यांचं माहेरचं नाव घरात कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी केलेले उपवास, वाढलेली पंगत, मुनींना दिलेला आहार, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नाही. फोटो असले तरी लग्नाच्या घोळक्यातले, डोक्यावर पदर घेऊन मागच्या रांगेतले. 'कॅमेरा कशाला' या प्रश्नाचं उत्तर मला चंद्रगिरीवर मिळालं. आपल्या हौसेसाठी काढलेले फोटो परिग्रहच. पण दुसऱ्या कोणाला दर्शन घडावं म्हणून, कोणाचं तरी नाव पुसलं जाऊ नये म्हणून काढलेला फोटो दानाच्या जवळ जातो, असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी गावातली अक्कन बसदी पाहिली. ११८१ साली आचियक्का नावाच्या श्राविकेने ती पार्श्वनाथांसाठी बांधवली. तिचे पती चंद्रमौळी हे राजा वीर बल्लाळाचे मंत्री, ते शैव ब्राह्मण होते आणि ही जैन. तरी बसदी झाली. आतले चकचकीत खांब चरकावर फिरवल्यासारखे गोल आहेत. अक्कन बसदी म्हणजे अक्काची बसदी! तिथे मात्र दिवसाचे उरलेले अकराही फोटो संपवले.

संध्याकाळच्या सोनेरी उजेडात फोटो फार छान येतात असं म्हणतात. पण आपलं जेवण सूर्यास्ताच्या आत, तेव्हा ती वेळ आपली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. सकाळचा उजेड आपला आहे आणि तो पुरतो. गाभाऱ्यात फ्लॅश नको. त्यागींचा फोटो विचारल्याशिवाय नको आणि सल्लेखनेला बसलेल्या साधकाचा तर कधीच नको.

परत आल्यावर एकशे आठ फोटोंमधून चाळीस निवडले, बाकीचे पुसून टाकले. अक्कांनी ते हळूहळू पाहिले. एका पायरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे आई थांबल्या होत्या. म्हणाल्या, तू हो पुढे, मी येते." आई म्हणजे आमच्या सासूबाई. त्याही १९८१ ला त्यांच्याबरोबर होत्या, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी फोटोच्या मागे तारीख आणि सासूबाईंचं नाव लिहिलं. माहेरचंही.

मैत्रिणींनो, पुढच्या यात्रेला एक दिवस जास्तीचा ठेवा. बस निघून गेली तरी चालेल, पायी हिंडा. निघण्याआधी घरातल्या थकलेल्या बाईला विचारा, "तुम्हाला काय बघायचंय?" ती सांगेल तेच टिपून आणा आणि फोटो दाखवताना वही-पेन जवळ ठेवा. ती जे बोलेल ते त्याच वेळी लिहून घ्या, माहेरच्या नावासकट.

जय जिनेंद्र.