वृक्षसेवा आणि निवडणूक

“वृक्षसेवा करणारानें निवडणुकीस उभें राहावें काय?” असें एका विद्यार्थ्यानें वर्गांत विचारलें. “त्या चिखलांत शिरूं नये,” असें सांगून मीं त्यास खालीं बसविलें.

मागाहून केनियाच्या वांगारी माथाई यांचें चरित्र वाचलें. मिशन-शाळेंत शिकलेल्या या विदुषींनीं १९७७ सालीं वृक्षारोपणाची चळवळ आरंभिली. पुढें नैरोबीचें करुरा वन सत्ताधाऱ्यांच्या मर्जींतील लोकांस मिळूं लागलें. १९९९ त तें वांचवितांना बाईंचें डोकें फुटलें. लावणारे हात हजारों, तोडणारी लेखणी एक! ती सभागृहांतच अडवावी लागते. २००२ त त्या पार्लमेंटांत निवडून गेल्या, सहायक मंत्री झाल्या; २००७ त हरल्या. पद गेलें, व्रत सुटलें नाहीं.

असा सेवक अवश्य उभा राहावा. त्या दिवशींचें माझें उत्तर चुकलें होतें.