चार चाकं आणि लाल माती

मॉरिशस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळाशार समुद्र, पांढरी वाळू आणि हातात हात घालून फिरणारं नवंकोरं जोडपं. बरोबर? आपल्याकडे लग्नाच्या अल्बमच्या शेवटच्या चार पानांवर जे असतं, ते मॉरिशस! त्यामुळे ‘मी एकटीच चाललेय’ असं जाहीर केल्यावर मैत्रिणींनी जे काही विचारलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

पण या बेटाकडे समुद्राला पाठ करूनही बघता येतं. किंबहुना तसंच बघावं. हे बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं त्याच्या साधारण तिप्पट. सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटरचं, आपल्या कळसूबाईच्या निम्म्याने. आकडे किरकोळ वाटतात, पण किनाऱ्यापासून वीस मिनिटं आत गेलात की डोंगर, दऱ्या, धबधबे आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत ऊस! या आतल्या मॉरिशसमध्ये डांबरी रस्ता सोडून शिरायचा सगळ्यात भन्नाट मार्ग म्हणजे क्वाड बाईक.

सगळा खेळ अंगठ्याचा

हॉटेलच्या रिसेप्शनवर एक जाडजूड फोल्डर असतो. डॉल्फिन, कॅटामरान, पाण्याखाली चालणं वगैरे पानं उलटत गेलं की ‘क्वाड आणि बग्गी’ हे पान येतं. जुन्या साखर मळ्यांच्या खासगी जमिनींवर या टूर्स चालतात. मी निवडला दक्षिणेकडचा बेल ओम्ब्रचा परिसर. आमच्या बॅचमध्ये एक फ्रेंच कुटुंब, पुण्याच्या आयटीतलं एक जोडपं आणि मी.

क्वाड बाईक म्हणजे दिसायला ट्रॅक्टरचं पिल्लू. हँडल मोटरसायकलचं, चाकं चार, टायर जाडजूड आणि त्यांत हवा मुद्दाम कमी, म्हणजे दगडधोंड्यांवर पकड राहते. निघण्याआधी गाईड पंधरा मिनिटांचा क्लास घेतो. तो अजिबात बंक करू नका. उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते, ती दाबली की गाडी पळते. मनगट पिरगाळायची आपली सवय इथे कामाची नाही. वळताना मोटरसायकल कलते, क्वाड कलत नाही. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला आपणच अंग झुकवायचं. चढावर पुढे वाकायचं, उतारावर मागे रेलायचं. आणि पाय? काहीही झालं तरी पाय फूटरेस्टवरच! सवयीने खाली टेकवला तर मागचं चाक त्यावरून जाऊ शकतं. दर सिग्नलला पाय टेकवत मोठ्या झालेल्या आपल्या पब्लिकसाठी हे सगळ्यात अवघड.

ज्यांना एवढी सर्कस नको त्यांच्यासाठी बग्गी असते. दोन सीट्स, स्टिअरिंग, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा. पुणेकर जोडप्याने बग्गी घेतली. ‘कोण चालवणार’ यावरून पाच मिनिटं गेली, शेवटी बायको जिंकली.

‘डुस्मां, डुस्मां!’

निघालो. पहिला टप्पा उसातून. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये लाल मातीची वाट आणि पुढच्या गाडीने उडवलेला धुरळा. पाचव्या मिनिटाला दातांत माती करकरायला लागते. दहाव्या मिनिटाला आपण ओरडतोय हे आपलं आपल्याला ऐकू येतं. पंधराव्या मिनिटाला सोमवारचं प्रेझेंटेशन, बॉसचा मेल, ईएमआय सगळं कुठल्या कुठे! कारण अंगठा, वळण आणि पुढचा खड्डा याखेरीज डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच उरत नाही. गाईड मधूनच मागे वळून हात खाली-वर करत ओरडतो, ‘डुस्मां, डुस्मां!’ क्रिओल भाषेत म्हणजे हळू, हळू. मॉरिशसची ही बोली फ्रेंचमधून घडलेली. दोन दिवसांत चार-पाच शब्द तुमच्याही तोंडी बसतात.

ऊस संपतो आणि चढ लागतो. एका ओढ्याच्या पात्रात पुणेकर बग्गी रुतली. गाईडने शांतपणे दोर लावला, ओढून काढली आणि नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावले. वर गेल्यावर गर्द झाडी, मधूनच पळणारी हरणं, फांद्यांवर माकडं. खाली हिरवट निळं पाणी आणि त्यापलीकडे फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे प्रवाळाची भिंत.

‘वॉव, अस्सल जंगल!’ असं आमच्यातला प्रत्येक जण आपापल्या भाषेत म्हणाला. गाईडने मान हलवली. यातलं बरंचसं बाहेरून आलेलं, म्हणाला. हरणं डचांनी १६३९ साली जावाहून आणली. माकडंही माणसानेच आणलेली. पंख्यासारखी पानं पसरलेली ती देखणी रावेनाला झाडं मादागास्करची. वाटेत खुडून खाल्लेला तो लाल पेरू दक्षिण अमेरिकेतला, आणि इथल्या मूळ झाडांचा एक नंबरचा शत्रू. १५९८ साली डच इथे उतरले, एबनीची झाडं तोडली गेली, मग ऊस पसरला. डोडो पक्षी शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. आज बेटावर चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मॉरिशसचा छोटा ससाणा, केस्ट्रेल, १९७४ साली रानात फक्त चार उरल्याची नोंद होती. चार! पक्षीतज्ज्ञांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, पुन्हा रानात सोडून ही संख्या शेकड्यांवर नेली. आमच्या गाईडने इंजिनं बंद करायला लावली आणि आम्ही पाच मिनिटं आभाळाकडे बघत बसलो. ससाणा काही दिसला नाही. पण तोवर आपण किती आवाज करत आलो, हे मात्र चांगलंच कळलं.

ही देवळं नाहीत

परतीची वाट पुन्हा उसातून. एका शेताच्या मधोमध काळ्या दगडांची भलीमोठी रास दिसली. ओबडधोबड ढीग नव्हे, नीट रचलेली, पायऱ्यापायऱ्यांची. मी गाडी थांबवून विचारलं, ‘हे देऊळ आहे का?’

‘नाही,’ गाईड म्हणाला. ‘हात. माणसांचे हात.’

आणि हे तो मराठीत म्हणाला!

पुणेकर जोडप्याशी माझं चाललेलं बोलणं तो सकाळपासून ऐकत होता. त्याचे पणजोबा कोकणातून आले. कुठल्या गावातून, हे घरात कोणालाच नीट माहीत नाही, ‘रत्नागिरी’ एवढंच. मराठी तो शाळेत शिकला. बोलताना क्रियापदं थोडी अडखळतात, पण ‘आजी’, ‘गणपती’ आणि ‘मोदक’ अगदी आपल्यासारखे.

मग त्याने त्या राशीची गोष्ट सांगितली. ज्वालामुखीच्या या जमिनीत दगड खच्चून भरलेला. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला हवा. तो उचलला आधी आफ्रिका आणि मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांनी. १८३५ साली इथली गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. त्याआधीच, १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली होती. १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं आली. बिहार आणि दक्षिणेतून बहुतेक, पण मुंबई बंदरातून आपलीही. दगड मग त्यांनी उचलले. पुढे यंत्रं आली, बऱ्याच राशी हटवल्या गेल्या. ज्या उरल्या त्या अशा शेताच्या मध्ये उभ्या आहेत. कोणाचं नाव नाही, पाटी नाही.

करार पाच वर्षांचा. पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर मजुरी दोन दिवसांची कापायची, हा नियमच. खाडा हा शब्द आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांना आजही चांगला ठाऊक आहे. १८६७ च्या कायद्याने तर कमालच केली. करार पुरा केलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागायचा. पासाशिवाय वाटेत सापडला, तर भटक्या म्हणून अटक.

हे ऐकताना मी जिथे उभी होते ती वाट त्याच शेतांमधली होती. जिथे फिरण्यासाठी पणजोबाला पास लागायचा, तिथे आम्ही पैसे मोजून ‘फिरायला’ आलो होतो, हेल्मेट घालून, धुरळा उडवत. मला एकदम कसंतरीच झालं. तसं मी बोलूनही दाखवलं. गाईड हसला. ‘सॉरी कशाला? मला हा रस्ता आवडतो. आजोबा इथे ऊस तोडायचे. मी गाडी चालवतो. माझी मुलगी काय करेल ते ती ठरवेल.’ आणि त्याने किल्ली फिरवली.

तिथले आपण

दुसऱ्या दिवशी बीच रद्द करून मी बस पकडली आणि राजधानी पोर्ट लुईला गेले. बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. पूर्वीचं नाव कुली घाट. बोटीतून उतरलेली माणसं इथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून वर यायची. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ ठरवलं. पायऱ्या इतक्या साध्या आहेत की गडबडीत असाल तर लक्षही जाणार नाही. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या माणसांची दप्तरं जपून ठेवली आहेत. नाव, वय, गाव, बोटीचं नाव आणि पुढच्या काळातले फोटोसुद्धा. आजही लोक तिथे जाऊन आपला खापरपणजोबा शोधतात. नावांची मात्र गंमत आहे. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं गेलं, आणि अनेकांच्या बाबतीत पूर्वजाचं पहिलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं.

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे तुम्हाला माहीत होतं? कास्कावेलसारख्या गावांत मराठी घरं आहेत. कोकणातली जाखडी तिथे अजून नाचली जाते. आपल्यापैकी किती जणांनी ती शेवटची कधी पाहिली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि पटकन विषय बदलला. रस्त्यावर मिळणारी ढोलपुरी खाताना तर आपल्या पुरणपोळीची कोणी चुलत बहीण भेटल्यासारखं वाटतं. डाळीचंच सारण, पण गोडाऐवजी तिखट!

तर मग क्वाड चालवावी की नाही? माझं मत, जरूर चालवावी. मजा सॉलिड आहे, त्यात खोटं काय बोलायचं? फक्त ठरवलेली वाट सोडू नये. चाकांनी एकदा माती उकरली की पावसात ती वाहून जाते आणि थेट खालच्या प्रवाळापर्यंत पोहोचते. आणि मूळ जंगल बघायचं असेल तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे १९९४ सालचं राष्ट्रीय उद्यान आहेच. सुमारे साडेसहा हजार हेक्टरांचं. तिथे आपले दोन पाय पुरतात.

जाताय? मग हे वाचा

• मुंबईहून थेट विमान आहे, साधारण साडेसहा तास. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग मात्र जवळ ठेवा. घड्याळ दीड तास मागे करा.

• मे ते नोव्हेंबर हवा कोरडी आणि सुखद. डिसेंबरपासून उकाडा आणि चक्रीवादळांचा मोसम. उसाला तुरा आलेला बघायचा तर मे-जूनच्या सुमाराला जा.

• बंद बूट, फुल पँट, गॉगल आणि तोंडाला बांधायला रुमाल. पांढरे कपडे नकोतच! बदलायला एक जोड सोबत असू द्या.

• वयाची आणि लायसन्सची अट ठिकाणागणिक बदलते. बुकिंग करतानाच विचारा. पाठीचं दुखणं असेल किंवा गर्भवती असाल तर हा बेत सोडा.

• ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या बारीक अक्षरांत क्वाड बाईक वगळलेली असू शकते. निघण्याआधी वाचा, पडल्यावर नको.

• हेल्मेट सैल असेल तर दुसरं मागा. लाजू नका. आणि सरावाची फेरी न देता थेट डोंगरात नेणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

• वाटेत दगडांची रास दिसली तर गाईडला थांबायला सांगा. फोटो काढा, जरूर काढा. पण आधी दोन मिनिटं इंजिन बंद करा.