जाड की पातळ?

इंजिन ऑईलबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला मत असतं, क्रिकेटसारखंच. फरक इतकाच की इथे चुकलं की बिल येतं!

माझ्या बाबांची गाडी २०१२ सालची, पेट्रोल, १ लाख १० हजार किमी झालेली. नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "काका, इंजिन जुनं झालं आता. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. हे ५डब्ल्यू-३० म्हणजे नुसतं पाणी. या वेळी २०डब्ल्यू-५० टाकू." माणूस चांगला, पंधरा वर्षांचा विश्वास. बाबा जवळजवळ तयार झाले होते. पण सत्तरी ओलांडलेले आई-बाबा हीच गाडी घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातात, त्यामुळे मला काही 'चालून जाईल' म्हणवेना.

आता हे आकडे काय असतात? 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑईल थंडीत चटकन वाहतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते सांगतो. आणि गंमत म्हणजे बाहेर २० अंश असोत की ४०, गरम झालेल्या इंजिनातलं कूलंट थर्मोस्टॅट साधारण नव्वदच्या आसपास ठेवतो. उन्हाळ्याचा फरक पडतो, पण वाटतो तितका नाही. मॅन्युअलमधे तापमानाचा तक्ता असतो तो त्यासाठीच.

जाड ऑईल म्हणजे जास्त संरक्षण, हेही अर्धसत्यच. सकाळी गाडी सुरू केल्यावर ते वरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. शिवाय हल्लीच्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑईलच्या दाबावर चालते, तिच्या वाटा बारीक. इंजिन ऑईल पीत असेल तर दोष बहुधा रिंग्ज किंवा व्हॉल्व्ह सील्समधे असतो. जाड ऑईल तो झाकतं, दुरुस्त करत नाही. म्हणजे बग तसाच ठेवून नुसता एरर मेसेज बंद करायचा :-)

मग बाबांना म्हटलं, डिपस्टिक बघू. दोन सर्व्हिसिंगच्या मधे लेव्हल जवळपास हललीच नव्हती. इंजिन ठणठणीत! बाबांनी स्वतः पुस्तिका वाचली आणि ५डब्ल्यू-३०च टाकायला सांगितलं. मेकॅनिकही रागावला नाही.

ग्रेडइतकाच डब्यावरचा एपीआयचा शिक्काही महत्त्वाचा. त्यात 'एस' पेट्रोलसाठी, 'सी' डिझेलसाठी. २०२० साली आलेलं 'एसपी' जुन्या 'एसएन'च्या जागी चालतं. ही मंडळी बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी पाळतात. टर्बो पेट्रोल असेल तर 'एसपी' बघाच. आणि बीएस-६ डिझेलमधे डीपीएफ असेल तर कमी राखेचं ऑईलच हवं, कारण राख त्या फिल्टरमधे साचते आणि जळून जात नाही.

थोडक्यात काय, ज्याने इंजिन बनवलं त्याने डॉक्युमेंटेशनही लिहून ठेवलंय. ते ग्लोव्ह बॉक्समधे, बहुधा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे. आज रविवार आहे, काढा बाहेर!